मोनाचं सामान

कागल, १२ जानेवारी २०२५

आई,

जय भीम. फोन तुम्ही उचलत नाही, आणि उचललात तर "हां, हां, ठेव" म्हणून बंद करता. म्हणून लिहायला बसले. मी शेवटचं पत्र बहुतेक दहावीत मराठीच्या पेपरात लिहिलं होतं, तेव्हा चूक-भूल सांभाळून घ्या.

कामाचं आधी सांगते. मला ऑपरेशन सांगितलंय. बेंबीजवळ हर्निया आहे. मोनाला उचलून उचलून झालाय असं डॉक्टर म्हणतात. ती आता सातची झाली, तुम्ही गेलात तेव्हापेक्षा अंगाने भरलीय. आणि मान-पाठ न धरणारं लेकरू उचलायचं म्हणजे वजन दुप्पट लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. बरेच दिवस ढकलले. आता फुगवटा आत जात नाही, तर थांबू नका म्हणाले. ऑपरेशननंतर तीन महिने तिला उचलायचं नाही. बादलीसुद्धा नाही.

मोनाच्या पप्पांना रजा मिळेल, पण आठवड्याच्या वर नाही. पंचतारांकित एमआयडीसीतल्या त्यांच्या कारखान्यात सध्या माणसं कमी आहेत. एक बाई ठेवून बघितली. तिने मोनाचा कफ ओढायच्या सक्शन मशीनचा आवाज ऐकला, नळीतून काय येतं ते बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिला दोष देत नाही. माझी आई असती तर तिला बोलावलं असतं. हातकणंगल्याला आता भाऊ-वहिनी आहेत, पण वहिनी मोनाला बघितलं की रडायला लागते. रडणाऱ्या माणसाचा अशा वेळी उपयोग नसतो.

राहता राहिलात तुम्ही.

बुद्ध पौर्णिमेला जे झालं त्यावर जास्त लिहीत नाही. तुम्ही तिला तोंडाने खीर भरवलीत, ती फुप्फुसात गेली, न्यूमोनिया झाला, आम्ही दवाखाना गाठला. मी जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले. मोना घरी आल्यावर तुम्ही पिशवी भरलीत आणि प्रसेनजीत भावजींकडे गारगोटीला गेलात. ह्यातलं काही आता बदलत नाही. प्रश्न एवढाच आहे की फेब्रुवारीत तुम्ही याल का.

यायचं नसेल तर तसं कळवा. राग येणार नाही. म्हणजे येईल, पण तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

सोनम


कागल, २४ जानेवारी

आई,

तुमचं उत्तर नाही, पण काल माझ्या जावेचा, प्रीतीचा फोन आला. तुम्ही विहारात गेला होतात तेव्हा तिने केला. ती म्हणाली, "ताई, त्यांना ऐकू येत नाही. डावा कान पार गेलाय, उजव्यात जेमतेम. कुणाला सांगू देत नाहीत. फोनवर काहीच कळत नाही, म्हणून नुसतं हां हां करतात."

मी विचारलं, कधीपासून?

"इथं आल्या त्या दिवसापासून असंच आहे. म्हणजे त्याच्या आधीपासूनच असणार की."

प्रीतीवर रागावू नका. तिने सांगितलं ते बरं झालं.

फोन ठेवल्यावर मी मोनाची पेज गार होईपर्यंत तशीच बसले. बुद्ध पौर्णिमेला तिला ठसका लागला तो तुम्हाला ऐकूच आला नसणार. तुमची पाठ तिच्याकडे होती, तुम्ही ताटं लावत होतात. मी न्हाणीतून ओरडत होते, "आई, तिला बघा, तिला काय होतंय बघा." तेही नाही. मला वाटलं तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करताय.

आता खरी अडचण लिहिते. मोनाला थुंकी, बेडका गिळता येत नाही. तो घशात साठतो आणि घरघर सुरू होते. त्या आवाजावरून मला कळतं की सक्शन करायला हवं. ज्याला तो आवाज ऐकू येणार नाही त्याच्याजवळ तिला कसं सोडायचं? मोनाचे पप्पा म्हणाले, "आईला नको बोलवूया. परत काही झालं तर ती त्यातून उठायची नाही." मी म्हटलं, मग कुणाला बोलवायचं? त्यांच्याकडे दुसरं नाव नव्हतं.

तेव्हा मी सामान काय काय आहे ते लिहून पाठवते. वाचा आणि तुम्हीच ठरवा.

तिच्या घशात दोन वाटा आहेत, एक पोटाची आणि एक श्वासाची. आपण गिळताना श्वासाची वाट आपोआप झाकली जाते. मोनाची झाकली जात नाही. म्हणून तोंडाने दिलेलं काहीही, पाणीसुद्धा, श्वासाच्या वाटेने जाऊ शकतं. पोटातली नळी त्यासाठी आहे. मोठी सिरिंज दांडा काढून नळीला जोडायची, उंच धरायची, त्यात गाळलेली पेज ओतायची. ती आपली आपण उतरते. दाबायची नाही. भरभर उतरायला लागली तर हात खाली घ्यायचा. शेवटी कोमट पाणी सोडायचं, नाहीतर नळी चोंदते.

त्या वेळी तिला उतरत्या उशीवर ठेवायचं. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत फोम कापून देतात, तिथून तिरका तुकडा करून आणलाय आणि वर रेक्झिनचा अभ्रा शिवलाय. पेज झाल्यावरही बराच वेळ तशीच ठेवायची. आडवी केली की वर येतं.

सक्शनचं मशीन खिडकीपाशी आहे. बारीक नळीला अंगठ्याखाली एक भोक आहे. ते दाबलं की ओढतं, सोडलं की थांबतं. तोंडात घालताना दाबायचं नाही, बाहेर काढताना दाबायचं. नळीवर मी लाल खूण केलीय, त्याच्या पुढे घालायची नाही. लाईट नसेल तर इन्व्हर्टर आहे, आणि तोही नसेल तर कॉटखाली पायाने मारायचं मशीन आहे. ते आम्हाला आजवर लागलं नाही.

पोटावर कापडी पट्टा बांधतो, म्हणजे तिचा हात नळीत अडकत नाही. नळी निघाली तर स्वच्छ कापड झाकायचं आणि तडक दवाखाना, कारण भोक लगेच बुजायला लागतं. दवाखान्याची लाल पिशवी दारामागे भरलेलीच असते. तिचे सगळे फ्रॉक समोरून बटणाचे करून घेतलेत. आंघोळीची खुर्ची तुमच्या मुलाने पाण्याच्या पाइपांची केलीय, ती तुम्ही बघितलेली नाही. वर मच्छरदाणीचं जाळीचं कापड ताणलंय, पाणी खाली निघून जातं. उचलायला जाड कापडाची झोळी आहे, चार बाजूंनी पट्टे. दोघांनी दोन बाजूंनी धरायची. तुम्ही एकटीने उचलायचं नाही, नाहीतर दवाखान्यात माझ्या शेजारची कॉट घ्यावी लागेल.

एवढंच. हे वाचून नको वाटलं तरी कळवा.

सोनम


गारगोटी, २ फेब्रुवारी

सोनमला,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. पैलं वाचून राग आला. दुसरं वाचून बी आला, पण कमी.

ऐकू येत न्हाय हे खरं हाय. म्हाताऱ्या माणसाला ऐकू येईना म्हटलं की लोकं त्याच्याच म्होरं बसून त्याच्याबद्दल बोलत्यात. ते मला नको हुतं. आता तुमाला कळलंच हाय तर असू दे.

तुझं ते सामान मी सात वर्सं लांबनं बघितलं. पुसाय गेले तरी तू म्हणायचीस, "आई, हात लावू नका, इन्फेक्शन हुतंय." मग मी लावला न्हाय. नळीनं पोट भरतंय हे मला दिसत हुतं, पण तोंडानं का द्यायचं न्हाय हे कुणी सांगितलं न्हाय. नको म्हणून सांगितलं, का ते सांगितलं न्हाय. मला वाटायचं, तुला नळी सोपी पडती म्हणून. सणाच्या दिवशी सगळ्यांनी गोड खायचं आणि त्या लेकरानं वासावर राहायचं, हे मला बगवंना. घशात दोन वाटा हायत हे आता तुझ्या पत्रात वाचलं. एवढं लिवाय सात वर्सं लागली व्हय?

मी येते. पण ऑपरेशनच्या आदी आठवडाभर येणार. तुझ्या देखत सगळं करून बघणार. न्हाय जमलं तर मीच सांगणार न्हाय जमलं म्हणून. पोरीच्या जिवाशी मान-अपमान करायचा न्हाय.

धम्म्याला म्हणावं, आईला न्ह्यायला स्टँडवर ये. फोन करू नको, चिठ्ठी टाक.

अंजना


कोल्हापूर, दवाखान्यातून, १८ फेब्रुवारी

आई,

मोनाचे पप्पा डबा घेऊन आलेत, त्यांच्याबरोबर ही चिठ्ठी देते. ऑपरेशन नीट झालं. हसलं आणि खोकलं की दुखतं. हसायचा प्रसंग कमी येतो, पण शेजारच्या कॉटवर वर्षाराणी नावाच्या इस्पुर्लीच्या बाई आहेत, त्या नर्सची नक्कल करतात, त्यांना मी हात जोडलेत.

व्हिडिओ कॉलवर तुम्ही दिसलात, मोना दिसली, पण तुम्ही "काय? काय?" करत राहिलात आणि मला ओरडता येत नाही. तेव्हा चिठ्ठीच बरी.

गेला आठवडाभर मी तुमच्यावर नजर ठेवून होते. तुम्हाला ते कळत होतं, आणि मला कळतंय हेही तुम्हाला कळत होतं. पहिल्या दिवशी तुम्ही सिरिंज इतकी उंच धरलीत की पेज धाडकन उतरली. मी काहीतरी टोचून बोलले. तुम्ही मान वर न करता हात खाली घेतलात आणि परत कधी उंच धरला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही तिच्या छातीवर हात ठेवून बसला होतात. मी भाजी निवडत होते. तुम्ही म्हणालात, "घरघरतंय बग." मी म्हटलं, नाही, मला तर काही ऐकू येत नाही. तुम्ही म्हणालात, "हाताला कळतंय. मांजर कशी गुरगुरती, तसं." मी मशीन लावेपर्यंत मलाही आवाज यायला लागला. म्हणजे माझ्या कानाच्या आधी तुमच्या हाताला कळलं होतं. मी तेव्हा उठून भाजी फोडणीला टाकली. आता लिहिते. त्या दिवशी मला ठरवता आलं. त्याआधी मी दोनदा ऑपरेशन पुढे ढकलायला फोन हातात घेतला होता, हे मोनाच्या पप्पांनाही ठाऊक नाही.

मोना कशी आहे? खरं लिहा. हे विचारलं की मोनाचे पप्पा "बरी आहे" एवढंच सांगतात, आणि मग डब्यातली आमटी कशी झाली ते विचारतात.

सोनम


कागल, १९ फेब्रुवारी

सोनमला,

मोना बरी हाय. आता खरं लिवते. धम्म्याला मीच म्हटलं, तू सांगू नको, मी लिवून पाठवते. त्यानं तोंडानं सांगितलं असतं तर तू टाक्यासकट उठून आली असतीस. पत्र वाचाय निदान बसावं लागतंय.

काल तो डबा घेऊन तुझ्याकडं आलता तवा लाईट गेली. मोनाची पेज दिऊन झालती. उतरत्या उशीवर ठिवलती, माझा हात तिच्या छातीवर. घरघर लागली. मशीन लावलं, जरा ओढलं आणि बंद. मला वाटलं मशीनच गेलं. वर बघितलं तर पंखा बी थांबलेला. इन्व्हर्टर काय लागला न्हाय.

पोरीचं ओठ काळं-निळं व्हाय लागलं. तिला कुशीवर घेतलं, तू शिकवल्यागत. दार उघडून दोन हाका मारल्या. कुणी वो दिली असती तरी मला ऐकू आली नसती, तवा वाट बगत थांबले न्हाय. कॉटखालचं पायाचं मशीन वडून काढलं. नळी लावली. पाय मारला, काय ओढंना. परत मारला, न्हाय. खोटं कशाला लिवू, त्या पौर्णिमेचं सगळं डोळ्याम्होरं आलं. वाटलं, ह्या पोरीचं मरण माझ्याच हातनं हाय का काय.

मग म्हटलं, कुकरची शिट्टी हुईना की आपण पैलं काय बगतो? झाकण. मशीनच्या बाटलीचं झाकण बघितलं तर एका बाजूनं ढिलं. पिळून घट्ट केलं. पाय मारला, ओढलं. लाल खुणेच्या म्होरं गेले न्हाय. आत घालताना भोक सोडलं, भायेर काढताना दाबलं. घट्ट बेडका आला, दोरीगत. पोरीनं श्वास घेतला. माझा हात तिच्या छातीवर हुताच, आत सगळं मोकळं झालेलं कळलं. रंग आला. तिनं माझ्याकडं असं बघितलं की म्हणती, काय गं म्हातारे, किती येळ.

मग मी फरशीवर बसले आणि लई रडले. तुझ्या वहिनीगत. पण आदी काम केलं, मग रडले.

धम्म्या आला तवा लाईट बी आलती. इन्व्हर्टर का लागला न्हाय बघितलं तर बॅटरीतलं पाणी आटलेलं. त्याला भरपूर शिव्या घातल्या. कारखान्यातली मोठमोठी मशीनं चालवतोय, आणि घरात बॅटरीत पाणी घालाय हुईना. काल सांजच्याला घातलं. डॉक्टरला मोना दाखवून आणली. छाती मोकळी हाय म्हणाले. कागद लाल पिशवीत ठिवलाय, आल्यावर बग.

आणि तो पोटाचा पट्टा मी बदललाय. त्या पट्ट्याच्या चिकटपट्टीनं तिची कातडी लाल हुत हुती. माझं जुनं लुगडं मऊ झालंय, त्याचं तीन शिवलेत, बाजूला नाड्या. तुला आवडलं न्हाय तर काढून टाक, पण आदी तिची कातडी बग.

आता तू उठू नको. झोप. हितं मी हाय.

अंजना


कागल, १४ मे

आई,

तुमचं गारगोटीहून आलेलं पोस्टकार्ड मिळालं. एकच ओळ होती, "मोनाला सुट्टीत हिकडं घेऊन या." वर खाली काही नाही, नावसुद्धा नाही. मोनाच्या पप्पांनी वाचलं आणि माझ्या हातात दिलं. मी कार्ड फ्रिजवर लावलं आणि दोन दिवस त्याच्याकडे बघायचं टाळलं.

तुम्ही गेल्या आठवड्यात परत गेल्यापासून मोनाचे पप्पा रजेवर आहेत, घरात तसं ठीक आहे. डॉक्टरांनी मला परवा मोकळी केली. उचलायला परवानगी आहे, पण झोळी सोडू नका म्हणाले. तुमचे पट्टे अजून चालू आहेत. लाली गेली. मी ते काढून टाकले नाहीत, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. आम्ही घेऊन दिलेलं कानाचं मशीन वापरता का? प्रीती म्हणते डब्यात ठेवून देता, कारण ते लावलं की घरातली भांडीच जास्त ऐकू येतात. थोडे दिवस लावून बघा. सवय होते म्हणतात.

यायचं तर काय काय न्यावं लागेल ते मी मनात मांडायला लागले, आणि प्रत्येक वेळी त्यातच अडकले. मशीन, उशी, खुर्ची, नळ्या, औषधं, इन्व्हर्टरची सोय. रस्त्यात तिला घरघर लागली तर? गारगोटीत लाईट गेली तर? शेवटी मी मोनाच्या पप्पांना म्हटलं, नको, पुढच्या वर्षी बघू. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी ती अजून जड होईल." मी म्हटलं, "आणि तिथे काही झालं तर?" ते म्हणाले, "तिथं आई आहे की."

वर्षापूर्वी हेच वाक्य त्यांनी म्हटलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

तेव्हा आम्ही येतोय. शनिवारी सकाळी निघू. त्यांच्या कारखान्यातल्या धैर्यशीलची गाडी मिळालीय, मागची सीट पाडून तिला उशीसकट झोपवता येते, मी शेजारी बसेन. रस्त्यात लागलं तर पायाचं मशीन मांडीजवळच ठेवतेय. प्रसेनजीत भावजींना सांगा, कॉट भिंतीपासून ओढून ठेवा, दोन्ही बाजूंनी जाता यायला हवं. आणि प्रीतीला म्हणावं, गर्दी जमवू नको. सगळ्यांनी एकदम येऊन तिच्याकडे बघितलं की ती अंग ताठ करते. एकेकाने यावं, नाव सांगावं, मग हात लावावा.

बाकी तुम्हाला काय सांगायचं. तुम्हाला सगळं येतं.

हे तिला काल सांगितलं. गारगोटीला आजीकडे जायचं म्हटलं. तिला किती कळलं ते मला कधीच नक्की सांगता येत नाही, पण तिने दोन्ही डोळे मिटून उघडले आणि उजवा पाय ताणला, जसा आवडीचं काही दिसलं की ताणते. मी तिचे कपडे घडी घालून पिशवीत भरायला घेतले. दारामागच्या लाल पिशवीत नाही, वेगळ्या पिशवीत. मग माझ्या लक्षात आलं की मोना आजवर घराबाहेर झोपलीय ती फक्त दवाखान्यात. सात वर्षांत ती कुणाकडे पाहुणी म्हणून गेलेली नाही. ही तिची पहिलीच वेळ.

सोनम